नौकेची कुळी सांगणारा कागद

परभणी जिल्ह्यातील चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील गाव. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. हौसेसाठी शिडाची लहान नौका घेऊन परदेशी निघालेल्या मनुष्याने कोणत्या राष्ट्राचा ध्वज लावावा, आणि तो लावण्याचा दाखला त्याला कोणी द्यावा, असा प्रश्न येथे कोणी काढला तर ऐकणारे हसतील. तरीही या प्रश्नाचा इतिहास मराठवाड्याला अगदीच परका नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणे याच जिल्ह्यातील पाथरीचे आणि त्या निजामशाहीचे मोठे बंदर चौल. चौलहून जहाज हाकारणाऱ्या नाखव्याला सोळाव्या शतकात एक कागद जवळ बाळगल्यावाचून गत्यंतर नव्हते. तो कागद म्हणजे पोर्तुगीजांचा कार्ताझ.

शेताला बांध असतो, सातबारा असतो. समुद्रावर बांध नाही. म्हणून तेथे नौका कोणाची, हे कागदानेच सिद्ध करावे लागते. पोर्तुगीजांनी हे हेरले आणि सोळाव्या शतकाच्या आरंभापासून परवान्याची पद्धत बसवली. कार्ताझात जहाजाचे व नाखव्याचे नाव, शस्त्रे, जाण्याचे ठिकाण आणि कोणता माल नेऊ नये हे लिहिलेले असे. कागदाचे मोल थोडे असे. खरी वसुली होई ती पोर्तुगीज नाक्यावर थांबून जकात भरण्यात. कागद नसला तर जहाज जप्त होई, आणि माणसांचे काय होई ते न बोललेले बरे.

या प्रकरणातील एक गोष्ट आम्हा ख्रिस्ती लोकांनी डोळ्यांआड करू नये. अकबराच्या काळात मक्केच्या यात्रेकरूंनाही हा परवाना घ्यावा लागे. त्यावर पवित्र मरिया आणि प्रभू येशू यांची चित्रे छापलेली असतात, म्हणून तो बाळगणे मूर्तिपूजेत जमा होते आणि अशा स्थितीत यात्रा बंधनकारक राहत नाही, असा निर्णय मख्दूम-उल-मुल्क या धर्मपंडिताने दिल्याचे इतिहासकार बदायुनी सांगतो. बदायुनी त्याच्यावर रागावलेला होता, हे लक्षात घेऊनही मनाला टोचणी लागते. ज्या मातेच्या चित्रापुढे आपण गुडघे टेकतो, ते चित्र परधर्मी यात्रेकरूने जकातीची पावती म्हणून पाहिले. आमच्या मते हे पोर्तुगीज सत्तेचे लहान पाप नव्हे.

बरे, एवढे करून कागदाने संरक्षण तरी मिळे काय? 1613 साली जहांगीरच्या मातेचे ‘रहीमी’ हे जहाज सुरतेजवळ पोर्तुगीजांनी पकडून गोव्याला नेले. त्याच्याजवळ कार्ताझ होता! संतापलेल्या जहांगीरने दमणला वेढा घालण्याचा हुकूम दिला आणि आग्र्याचे चर्च बंद केले. कागद देणाऱ्यानेच तो मोडला, आणि शिक्षा भोगली तेथील निरपराध ख्रिस्ती मंडळीने.

पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी हेच शस्त्र उलट फिरवले. कोकणच्या समुद्रात वावरणाऱ्याने मराठ्यांचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा दावा होता. इंग्रज स्वतः परवाने देत असत; पण दुसऱ्याने मागितला की त्याला चाचा म्हणत.

हौशी नौकांची पाळी आली ती इंग्रजी अमलात. 1846 साली मुंबईत साहेबांचा नौकाविहार क्लब निघाला. 1876 साली त्याला राणीकडून ‘रॉयल’ ही पदवी मिळाली आणि त्याच्या सभासदांच्या नौकांना भारताच्या ताऱ्याचे चिन्ह असलेला निळा ध्वज लावण्याचा मान मिळाला. असा खास ध्वज कोणालाही लावता येत नसे. त्यासाठी इंग्लंडच्या नौदल खात्याचे अधिकारपत्र लागे. हा कागद भयाचा नव्हे, प्रतिष्ठेचा. पण त्यातही कोण आपला आणि कोण परका, ही निवड सत्ताधीशांच्याच हाती होती.

खरा पालट विसाव्या शतकात झाला. 1921 साली बार्सेलोना येथे, ज्या राष्ट्राला समुद्रकिनाराच नाही त्यालाही आपला ध्वज नौकेवर लावण्याचा हक्क आहे, असे मान्य झाले. 1982 च्या समुद्रविषयक करारात प्रत्येक राष्ट्राने आपल्या ध्वजाच्या नौकेला कागदपत्रे द्यावीत, नौकेने एकाच ध्वजाखाली फिरावे आणि राष्ट्र व नौका यांत खरे नाते असावे, असे ठरले. ज्या नौकेला राष्ट्रच नाही, तिच्यावर कोणत्याही देशाची युद्धनौका चढून झडती घेऊ शकते. बाप न सांगता येणाऱ्या लेकरासारखी तिची अवस्था होते.

आपल्याकडे 1958 च्या व्यापारी नौवहन कायद्याने, केवळ भारताच्या किनाऱ्यानेच फिरणाऱ्या पंधरा टनांपर्यंतच्या नौकेला नोंदणीतून सूट दिली. म्हणजे किनाऱ्यालगत हौस करणाऱ्याला मोकळीक होती. परमुलखाकडे सुकाणू वळवले की नोंदणी आली. कागद खरा असला तरी तो धरणारा हात खरा असेलच असे नाही, हे 2008 साली कळले. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून अतिरेकी मुंबईजवळ आले. नौका भारतीय होती, माणसे नव्हती. त्यानंतर नौकेबरोबर कोळी बांधवांच्या बोटांच्या ठशांचीही नोंद सुरू झाली.

कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. नौका सुमारे छप्पन्न फुटांची, गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. ज्या गोव्यातून एके काळी कार्ताझ निघत, तेथेच मांडवी नदीचे नाव घेऊन ती घडली आणि भारतीय नौदलाच्या ध्वजाखाली फिरली. नौदलाची असल्याने तिला व्यापारी नोंदवहीची गरज नव्हती. खासगी हौशी नाविकाला ही सोय नाही. त्याने परक्या बंदरात दोर टाकला की धक्क्यावरचा अधिकारी प्रथम नोंदणीचा दाखला मागतो, मग मागच्या बंदराची परवानगी, आणि त्यानंतर माणसांची पारपत्रे.