पुरुषदेहाची दप्तरबंद हकीकत

मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना मार्ग आणि कल्याण-डोंबिवलीकडे वळणारा रस्ता शीळ गावाच्या शिवारात जेथे परस्परांपासून विलग होतात, त्या शीळफाट्याच्या परिसरात आज अतिजलद रेल्वेच्या २१ किलोमीटर लांबीच्या बोगद्याचे काम चालू आहे. आणि जेथे पृथ्वीच्या व समुद्राच्या उदरातून मार्ग काढण्याइतके यंत्रशास्त्र प्रगत झाले, त्याच मुलखात रस्त्यालगतच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत ‘गुप्तरोग’ व ‘कमजोरी’ यांवर हमखास इलाज करून देण्याचे आश्वासन देणारी पत्रके अद्याप चिकटवलेली आढळतात. या पत्रकांचा व्यवहार ज्या भयावर चालतो, त्याचा उगम पुरुषाच्या जननसंस्थेविषयीच्या अज्ञानात आहे, आणि त्या अज्ञानाचा इतिहास या पत्रकांहून कितीतरी जुना आहे.

प्राचीनांनी या विषयाकडे पाठ फिरवली होती असे मात्र कोणी समजू नये. चरकसंहितेने शुक्रवह स्रोतसांचे मूळ वृषण आणि शेफ (म्हणजे शिश्न) येथे सांगितले. सुश्रुताने तर शवाचे निरीक्षण करून शरीररचना जाणून घेण्याचा विधी घालून दिला. परंतु शुक्र हा सप्तधातूंतील अंतिम धातू, सर्व आहाररसाचे सार, ही कल्पना वैद्यांच्या ग्रंथांतून लोकमानसात उतरताना तिचे एका दारुण समजुतीत रूपांतर झाले, आणि वीर्याचा प्रत्येक बिंदू म्हणजे रक्ताच्या कित्येक बिंदूंचा व्यय, असे मानणाऱ्या तरुणांच्या पिढ्यांमागून पिढ्या स्वप्नावस्थेसारख्या स्वाभाविक घटनेमुळेही खंगत राहिल्या.

युरोपातही हे ज्ञान सुखासुखी हाती आले नाही. हॉलंडातील रेनिए द ग्राफ याने १६६८ साली पुरुषाच्या जननेंद्रियांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १६७७ मध्ये डेल्फ्ट येथील लेव्हेनहुक याने आपल्या भिंगाखाली शुक्रजंतूंची हालचाल पाहिली. परंतु शुक्रजंतू व अंड यांच्या केंद्रकांचा संयोग म्हणजेच गर्भधारणा, हे समुद्रसाळूच्या अंडावर ऑस्कर हेर्टविग याने दाखवून द्यावयास १८७६ साल उजाडावे लागले. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये स्थापन झाले, आणि ही नवी शारीरविद्या तेथील इंग्रजी पाठांतून शिकवली जाऊ लागली. पण महाविद्यालयाच्या दालनाबाहेर, मराठी घरात, ती पोहोचवण्याचे धारिष्ट्य दीर्घकाळ कोणास झाले नाही.

ते धारिष्ट्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. महर्षी कर्वे यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले संततिनियमनाचे केंद्र उघडले त्याच वर्षी, कर्वे यांनी मुंबईत हेच कार्य आरंभले. त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई यांच्या साथीने त्यांनी पुढील सर्व दारिद्र्य पत्करले. आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून ऑक्टोबर १९५३ मधील मृत्यूपर्यंत ते हाती धरलेल्या कार्यापासून ढळले नाहीत. माझ्या मते मराठी गद्याच्या इतिहासात या मासिकाला जे स्थान मिळावयास हवे होते ते अद्याप मिळालेले नाही, कारण अवयवांची नावे त्यांच्या कार्यासह, संकोच अथवा चाळवणूक यांपैकी कशाचाही स्पर्श न होऊ देता, मराठीत कशी लिहावीत याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला. सरकार-दरबारी याचा मोबदला मिळाला तो मुकदम्यांच्या रूपाने. व्यभिचाराविषयीच्या लेखावरून १९३१ साली १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा फिर्याद झाली, आणि तीत त्यांची कैफियत मांडण्यास स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तोही दावा कर्वे हरले आणि २०० रुपये दंड भरून पुन्हा लेखणी हाती धरते झाले. पुढे १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला, तोही फेटाळला गेला.

कर्वे यांच्या ज्या उत्तरांसाठी दंड वसूल झाला, त्यांचा आधार असलेले शारीरशास्त्र येथे सांगितलेच पाहिजे. वृषण देहाच्या पोकळीबाहेर लोंबते, कारण शुक्रजंतूंच्या निर्मितीस शरीराहून २ ते ३ अंश सेल्सियस कमी उष्णता लागते. थंडीत वृषणकोश आकसतो आणि उन्हाळ्यात सैल पडतो, तो ही उष्णता राखण्यासाठीच. वृषणातील सूक्ष्म नलिकांत शुक्रजंतू सिद्ध होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेथून ते अधिवृषणात येऊन परिपक्व होतात, आणि शुक्रवाहिनीतून वर चढून मूत्राशयामागे जातात, जेथे शुक्राशयाचा व पुरःस्थ ग्रंथीचा स्राव त्यांना मिळतो. वीर्याचा बहुतांश याच दोन स्थानांत तयार होतो. वृषणाकडून येणारा अंश शेकडा ५ च्या आतबाहेर असतो. याउलट पुरुषत्वाची लक्षणे घडवणारे संप्रेरक शुक्रवाहिनीच्या वाटेने जातच नाही, ते थेट रक्तात मिसळते. जो मनुष्य एवढे जाणतो, त्याला भिंतीवरच्या पत्रकवाल्याची गरज उरत नाही. आणि शुक्रवाहिनी कापल्याने जोम, दाढी अथवा कामेच्छा ओसरते, हा समज निराधार का, हेही त्याला निराळे पटवून द्यावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर हीच वाहिनी राज्यकारभाराचा विषय झाली. १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई महानगरपालिकेचे डॉ. दत्ता पै यांनी गर्दीच्या रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे उघडली. १८५४ पासून कल्याणला मुंबईशी जोडणाऱ्या लोहमार्गावरून रोज कामाला जाणाऱ्या चाकरमान्यास इस्पितळाची पायरी चढावी लागू नये, वाटेतच थोड्या वेळात शस्त्रक्रिया व्हावी, ही योजना मला अत्यंत समंजस वाटते, कारण तीत त्याच्या वेळेचा विचार होता.

त्यानंतर आणीबाणी आली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले; राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यामुळे ते अंमलात आले नाही, परंतु उद्दिष्टांचा तगादा देशभर चालूच राहिला. १९७६-७७ या एका वर्षात देशात झालेल्या सुमारे ८२ लाख शस्त्रक्रियांपैकी ६२ लाख पुरुषांवरील होत्या. कर्वे यांनी व्यक्तीच्या विवेकावर सोपवलेला निर्णय हुकूमनाम्याचा विषय झाला, आणि ‘नसबंदी’ या शब्दाला जी दहशत चिकटली ती हुकूम मागे घेतला तरी गेली नाही. पुढे चीनमधील ली शुनचियांग यांची बिनटाक्याची पद्धत भारतात आली, जीत एका लहानशा छिद्रातून दोन्ही वाहिन्या बंद होतात आणि उरलेले शुक्रजंतू निघून जाईपर्यंत सुमारे तीन महिने अन्य साधन वापरले की पुरे होते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांपैकी स्त्रीनसबंदीचा आश्रय घेणारी शेकडा ३७.९ आणि पुरुषनसबंदीचा घेणारी शेकडा ०.३ आढळली; आणि वास्तविक स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठी उदरपोकळीत शिरावे लागते.