टाकाऊ स्मार्ट उपकरणांवरील खात्यांची सुरक्षा

टाकाऊ स्मार्ट उपकरणांवरील खात्यांची सुरक्षा हा माहिती सुरक्षेतील एक विषय आहे. विकलेला, मोडीत घातलेला किंवा दुसऱ्यास दिलेला मोबाईल, टॅब्लेट, स्मार्ट टीव्ही अशा उपकरणांवर मूळ मालकाची ई-मेल, संदेशवहन, खरेदी व समाजमाध्यमांवरील खाती उघडी राहू नयेत, यासाठीच्या उपायांचा त्यात समावेश होतो.

प्रवेश टिकून राहण्याचे कारण

परवलीचा शब्द (पासवर्ड) एकदा दिल्यावर सेवा पुरवणारी कंपनी त्या उपकरणाला 'टोकन' नावाचे सांकेतिक ओळखपत्र देते. पुढे प्रत्येक वेळी उपकरण तेच दाखवते, म्हणून पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. टोकन उपकरणात साठवलेले असते, परंतु ते ग्राह्य आहे की नाही हे कंपनीचा सर्व्हर ठरवतो. त्यामुळे प्रवेश दोन प्रकारे बंद करता येतो : उपकरणातील माहिती पुसून किंवा सर्व्हरवर टोकन रद्द करून. पडदा फुटलेल्या वा चालू न होणाऱ्या फोनच्या बाबतीत पहिला मार्ग उरत नाही. भंगारात जातात ते बहुधा असेच फोन. मात्र पडदा बदलल्यावर तो फोन पुन्हा सुरू होऊ शकतो आणि त्याला कुलूप (स्क्रीन लॉक) नसेल, तर खातीही जशीच्या तशी उघडतात.

उपकरणातील माहिती पुसणे

फॅक्टरी रिसेट केल्याने सर्व माहिती जाते, हा समज जुन्या फोनबाबत खरा नव्हता. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन व रॉस अँडरसन यांनी २०१५ मध्ये वापरलेले २१ अँड्रॉइड फोन तपासले. हे फोन २.३ ते ४.३ या आवृत्त्यांचे होते. रिसेटनंतरही त्यांतील अनेकांतून गूगल खात्याचे टोकन परत मिळवता आले. अलीकडच्या फोनमध्ये साठवण कूटबद्ध असते. रिसेट करताना तिची किल्ली नष्ट होते व उरलेला मजकूर निरर्थक ठरतो.

रिसेटपूर्वी सेटिंगमधून खाते काढणे आवश्यक असते. अँड्रॉइड ५.१ (२०१५) पासून, बटणे दाबून परस्पर रिसेट केलेला फोन मूळ खात्याचा पासवर्ड मागतो. आयफोनमध्ये अशी सोय २०१३ पासून आहे. चोरीला आळा घालणारी ही व्यवस्था प्रामाणिक खरेदीदारालाही अडवते.

दूरस्थ बंदोबस्त

गूगल खात्याच्या 'सुरक्षा' विभागात जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते व तेथून जुने उपकरण बाहेर काढता येते. केवळ पासवर्ड बदलणे नेहमी पुरत नाही, कारण काही गृहोपकरणे आणि परवानगी दिलेली इतर अ‍ॅप्स त्यानंतरही जोडलेली राहू शकतात. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर नोंदवले की जुना मुख्य फोन आपोआप बाहेर पडतो. यूपीआय सेवा सिमकार्ड व उपकरण या दोहोंशी बांधलेली असते आणि व्यवहारासाठी पिन लागतो, म्हणून तेथील धोका तुलनेने कमी आहे. खरी किल्ली ई-मेल खाते हीच होय, कारण इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात. स्मार्ट टीव्हीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

मोबाईल क्रमांक हा वेगळा दुवा आहे. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्यास दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्यानंतर तो अन्य ग्राहकाकडे जाऊ शकतो. म्हणून क्रमांक सोडण्यापूर्वी तो सर्व खात्यांतून काढावा लागतो.

ग्रामीण महाराष्ट्रातील संदर्भ

सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि शेजारच्या खानापूर तालुक्यांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत स्थायिक झाली आहेत. परगावी वापरलेला फोन गावाकडील नातलगास देताना खाते काढले नाही, तर दोघांची छायाचित्रे व संपर्क एकाच खात्यात मिसळतात. पुढे तो फोन फेरीवाल्याकडे गेला, तरी जोखीम परगावच्या मूळ मालकाचीच राहते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. अशा वेळी दूरस्थ मार्ग उपयोगी पडतो. फोनच्या सर्किट बोर्डावर अल्प सोने असल्याने निकामी फोनलाही (गलाईवाल्यांना हे सांगायला नको) मोल असते. शेतपंपाच्या मोबाईल स्टार्टरमध्ये मालकाच्या नावाचे सिमकार्ड असते. स्टार्टर मोडीत घालताना ते आतच राहून जाण्याचा संभव असतो.

जुन्या फोनच्या मोबदल्यात भांडी वा प्लॅस्टिकच्या वस्तू देणारे फेरीवाले गावोगावी फिरतात. त्यांतील बहुतेकांचा व्यवसाय सरळ असतो. तथापि ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणातील रामगुंडम परिसरात पोलिसांनी असे सुमारे ४,००० फोन जप्त केले. सायबर गुन्हेगारांना पुरवण्यासाठी ते जमवल्याचे पोलिसांचे म्हणणे होते.

कायदेशीर तरतुदी

दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख अप्रामाणिकपणे वापरल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६सी नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ यांचा रोख पुनर्चक्रणावर आहे. सायबर आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर नोंदवता येते.