क्ष-किरणतज्ज्ञांचे निरंतर प्रमाणन

क्ष-किरणतज्ज्ञांचे निरंतर प्रमाणन ही रेडिओलॉजिस्टचे ज्ञान, आचरण आणि कामाची गुणवत्ता त्याच्या संपूर्ण सेवाकाळात तपासत राहण्याची अमेरिकेतील पद्धत आहे. 'अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजी' (स्थापना १९३४) ही संस्था ती राबवते. वैद्यकीय व्यवसायाचा परवाना तेथे राज्य शासनाचे मंडळ देते; विशेषज्ञतेचे प्रमाणपत्र त्याहून वेगळे असून कायद्याने सक्तीचे नाही. तथापि अनेक रुग्णालये व विमा कंपन्या ते मागतात, म्हणून व्यवहारात त्याला मोठे महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

क्ष-किरण प्रतिमेत दोष दिसत असूनही तो वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटू शकतो. लिओ हेन्री गार्लंड या रेडिओलॉजिस्टने १९४०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, छातीच्या सदोष प्रतिमांपैकी सुमारे ३० टक्के प्रतिमांमधील दोष अनुभवी तज्ज्ञांकडूनही निसटतात. अशी चूक रुग्णाला जाणवत नाही. आजार बळावल्यावरच ती उघड होते. शिवाय सीटी स्कॅन, सोनोग्राफी, एमआरआय ही तंत्रे एकामागून एक आल्यामुळे तरुणपणी उत्तीर्ण केलेली परीक्षा जन्मभर पुरेल, हे गृहीतक टिकले नाही.

इतिहास

पूर्वी हे प्रमाणपत्र आजीवन असे. निदानात्मक रेडिओलॉजीत २००२पासून १० वर्षे मुदतीची प्रमाणपत्रे देण्यात येऊ लागली. अमेरिकेतील विशेषज्ञता मंडळांच्या शिखर संस्थेने २०००मध्ये सर्व शाखांसाठी समान चौकट स्वीकारली होती. २०१२पासून रेडिओलॉजी मंडळाने प्रमाणपत्रावर अंतिम तारीख छापणे थांबवले. अटींची पूर्तता होत राहील तोवर ते वैध राहते.

घटक

या चौकटीचे चार भाग आहेत: व्यावसायिक आचरण व वैध परवाना, आजीवन शिक्षण, ज्ञानाचे मूल्यमापन आणि प्रत्यक्ष कामातील सुधारणा. शिक्षणासाठी दर तीन वर्षांत ७५ श्रेयांक मिळवावे लागतात.

ज्ञानाच्या मूल्यमापनासाठी आधी दर दहा वर्षांनी मोठी परीक्षा होती. २०१९मध्ये निदानात्मक रेडिओलॉजीत तिची जागा ऑनलाइन प्रश्नांनी घेतली. दर आठवड्याला दोन प्रश्न उपलब्ध होतात व ते चार आठवडे खुले राहतात. वर्षाकाठी ५२ प्रश्न सोडवावे लागतात. उत्तर देताच ते बरोबर की चूक हे कारणासह समजते. त्यामुळे परीक्षा हाच शिक्षणाचा भाग होतो.

गुणवत्ता सुधारणा

चौथ्या भागात दर तीन वर्षांत किमान एक सुधारणा प्रकल्प किंवा तत्सम उपक्रम पूर्ण करायचा असतो. डेमिंग यांच्या नावाने ओळखले जाणारे 'नियोजन, कृती, अभ्यास, अंमल' हे चक्र यासाठी सामान्यतः वापरतात. उदाहरणार्थ, मेंदूतील रक्तस्रावासारखे तातडीचे निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत किती मिनिटांत पोहोचते, हे आधी मोजले जाते. मग विलंबाचे कारण शोधून कार्यपद्धती बदलली जाते आणि पुन्हा मोजणी होते. सुधारणा न आढळल्यास चक्र नव्याने सुरू होते. सीटी स्कॅनमधील किरणोत्साराची मात्रा घटवणे, तसेच सहकाऱ्यांनी एकमेकांचे अहवाल पुन्हा तपासणे, हेही उपक्रम यात येतात. चूक कोणाची यापेक्षा ती का घडली, हा प्रश्न येथे महत्त्वाचा मानला जातो.

टीका

आजीवन प्रमाणपत्र असलेल्या ज्येष्ठांना यातून सूट आहे. सर्वांत आधी शिकलेल्यांचीच तपासणी होत नाही, ही विसंगती टीकाकार दाखवतात. शुल्क, खर्ची पडणारा वेळ आणि रुग्णहिताचा अपुरा पुरावा हेही आक्षेप आहेत. मंडळाने प्रारंभिक प्रमाणपत्राला निरंतर प्रमाणनाची जोड देऊन मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग केला, असा दावा २०१९मध्ये दाखल झाला. न्यायालयाने तो फेटाळला आणि २०२२मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

महाराष्ट्रातील तरतूद

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. ही अट सर्व शाखांना लागू असून ती नोंदणीशी निगडित आहे. विशेषज्ञाच्या कामाचे मूल्यमापन तिच्यात अभिप्रेत नाही.