संगणकाचा कारभारी : यंत्राचा वेग आणि माणसाची सोय

दौंड हे जंक्शनचे गाव. त्यामुळे रुळांच्या मापाची गोष्ट येथे कोणास समजावून सांगावी लागत नाही. दौंड-बारामती हा लोहमार्ग एके काळी अरुंद मापाचा होता. रुंद मापाचा डबा त्या रुळांवर चालणे शक्य नव्हते. म्हणून उतारूंनी गाडी बदलावयाची आणि माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावयाचा, हा क्रम ठरलेला. त्या काळी कोणते इंजिन अधिक वेगाने धावते एवढेच पाहणाऱ्यास प्रवासाचा खरा हिशेब लागला नसता. दौंडच्या फलाटावर खर्ची पडणारा वेळ इंजिनाच्या वेगात कोठेच धरला जात नाही. ‘कोणता संगणक चांगला, विंडोजचा की लिनक्सचा?’ या आजच्या प्रश्नाचा विचारही याच धोरणाने करावयास हवा.

विंडोज, लिनक्स, मॅकओएस ही नावे कार्यप्रणालींची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि मनुष्य यांच्यामध्ये बसलेला कारभारी. कळ दाबली की अक्षर कोठे ठेवावयाचे, स्मृतीची कोणती जागा कोणत्या कामास द्यावयाची, कागद छापावयास कोठे धाडावयाचा, हे सर्व तो पाहतो. कारभाऱ्याची परीक्षा दोन प्रकारांनी होते : तो काम किती झटपट उरकतो, आणि दारात आलेल्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलतो. आपल्याकडील इतिहासात दुसरी कसोटीच अधिक निर्णायक ठरली.

1981 साली आयबीएम कंपनीचा व्यक्तिगत संगणक निघाला. त्याचा कारभारी डॉस. तो अंगाने लहान व कामास चपळ होता. परंतु ‘कॉपी’, ‘डिर’ अशा आज्ञा रोमन अक्षरांत पाठ करून द्याव्या, तेव्हाच तो हलत असे. मराठी त्यास ठाऊकच नव्हती. कानपूरच्या आयआयटीत यावर उपाय शोधला गेला आणि 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने तो पुढे वाढविला. तो उपाय म्हणजे ‘जिस्ट’ कार्ड. हे कार्ड संगणकात बसविले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. कारभाऱ्यास भाषा येत नाही म्हणून दाराशी दुभाषी बसवावा, तसा हा प्रकार होता.

दरम्यान 1984 साली ॲपलच्या मॅकिंटॉशने आज्ञांच्या जागी चित्रे आणि माउस आणला. 24 ऑगस्ट 1995 रोजी आलेल्या विंडोज 95 ने ती सोय घरोघरच्या स्वस्त संगणकांपर्यंत पोचविली. आता आज्ञा पाठ करण्याचे कारण उरले नाही. मराठीची अडचण मात्र नव्या रूपाने उभी राहिली. प्रत्येक फॉन्ट बनविणाऱ्याने रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने मराठी अक्षरांचे तुकडे बसविले. श्री-लिपीत टंकलेला मजकूर आकृतीत उघडला तर अर्थहीन खुणांची रांगोळी दिसे. घोडनदीकाठच्या शिरुरात टंकलेला अर्ज भीमाकाठच्या दौंडात वाचावयाचा, तर दोन्हीकडे तोच फॉन्ट हवा. नाहीतर सारा मजकूर पुन्हा टंकावयाचा. रुळांच्या मापाचाच हा प्रकार! संगणक कितीही वेगवान असो, माल उतरवून पुन्हा भरण्याचे कष्ट काही चुकत नव्हते.

ही गाठ सोडविली ती युनिकोडने. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास एकच ठरलेला क्रमांक, हे त्याचे तत्त्व. 1991 च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान मिळाले, आणि त्याचा पाया होता ‘इस्की’ हा भारतीय संकेत. विंडोज 2000 मध्ये देवनागरी कार्यप्रणालीच्या अंगातच आली. दुभाष्याची गरज संपली. तरीही मराठीचा खास हट्ट उरलाच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. हा भेद हिंदीस लागत नाही, आपल्यास लागतो. त्यासाठी ‘ऱ’ या अक्षरास हलन्त जोडण्याची तजवीज झाली. सोय म्हणतात ती अशा बारकाव्यांत असते. सेकंद मोजून ती कळत नाही.

लिनक्सची गोष्ट निराळी. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि तो सर्वांस खुला केला. 2004 साली उबुंटू निघाले, तेव्हा मागेल त्यास त्याच्या सीडी टपालाने फुकट मिळत. 2007 साली सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषा जाणणारी लिनक्स-प्रणाली दिली. केरळने सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण या शतकाच्या पहिल्या दशकात मुक्त प्रणालीवर नेले. आपल्याकडे तसे घडले नाही. जुने मराठी फॉन्ट विंडोजसाठी, हिशेबाची साधने विंडोजसाठी, आणि एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून लाखोंचा हात बसला तोही विंडोजवरच. बसलेला हात ही सोयच होय. ती तुच्छ लेखून चालणार नाही. मात्र तिला प्रणालीचा अंगभूत गुण समजणे ही गफलत आहे.

आता वेगाचा हिशेब पाहू. विंडोज 95 ला निदान 4 मेगाबाइट स्मृती लागे, 2001 च्या एक्सपीस 64. विंडोज 11 ला 4 गिगाबाइट, म्हणजे पहिल्याच्या 1024 पट. अर्ज लिहिण्याचे काम हजारपट लवकर होते काय? मुळीच नाही. यंत्राने कमावलेले बळ पुष्कळसे कारभाऱ्याच्या थाटमाटातच खर्ची पडले. त्यातील काही खर्च, सुरक्षिततेवरील विशेषतः, आवश्यक होता, हेही न्यायाने म्हणावयास हवे.

हा वाद आज केवळ पंडितांचा राहिलेला नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा सांभाळ थांबला आणि विंडोज 11 ला लागणारे सुरक्षा-उपकरण किंवा नवा प्रोसेसर अनेक जुन्या संगणकांत नाही. एखाद्या शाळेत असे दहा संगणक असतील, तर ते भंगारात काढावयाचे की लिनक्सवर चालवावयाचे? उत्तर देण्यापूर्वी एक संगणक घ्यावा. त्यात जुन्या चकतीऐवजी एसएसडी बसवून पाहावी; पुष्कळदा प्रणाली बदलण्याहून त्याचाच गुण मोठा येतो. मग त्यावर लिनक्स घालून आपलीच कामे करून पाहावीत : मराठी पत्र टंकणे, ते छापणे, दुसऱ्या गावी धाडून तेथे जसेच्या तसे उघडणे. घड्याळ लावावे, परंतु ते यंत्र सुरू झाल्यापासून नव्हे. मनुष्य खुर्चीत बसल्यापासून काम हातावेगळे होईपर्यंत.

बारामतीचा मार्ग पुढे रुंद झाला, तेव्हा फलाटावरची ती उतरभर संपली. ज्या कारभाऱ्यामुळे आपल्या कामातील अशी उतरभर संपेल, तोच आपल्यापुरता उत्तम. ही परीक्षा दूरच्या जाणकाराने आपल्यासाठी घेऊन उपयोगी नाही. शिरूर-दौंडच्या माणसाने आपल्याच मराठी कागदावर ती घ्यावी.