टर्मिनलवरील फाइल-दुवे : इतिहास आणि दोषचिकित्सा

टर्मिनलच्या पडद्यावर उमटलेल्या फाइलच्या नावावर टिचकी मारताच ती फाइल उघडावी, ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. ती वारंवार विफल होते, आणि त्याची कारणे टर्मिनलच्या इतिहासात शोधावी लागतात.

१९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आणलेल्या व्हीटी१०० या यंत्रास अक्षरे कोठे व कशी उमटवावीत एवढेच नियंत्रणचिन्हांच्या द्वारे सांगता येई. अक्षरांच्या अर्थाशी त्याला कर्तव्य नव्हते. १९८४ नंतर एक्सटर्मसारख्या प्रोग्रामांनी या कुळातील यंत्रांचे अनुकरण केले, तेव्हा ही उदासीनताही वारशाने त्यांच्याकडे आली.

म्हणून दुवा ओळखण्याचा पहिला मार्ग अनुमानाचा होता. संकेतस्थळाचा पत्ता आरंभीच्या अक्षरांवरून ओळखता येतो. फाइलच्या नावास असे लक्षण नसते. युनिक्समध्ये तिरकी रेघ व शून्य मूल्याचा बाइट वगळता नावात काहीही चालते, मोकळी जागासुद्धा. मग नाव संपले कोठे? देवनागरी नावांची स्थिती याहून बिकट आहे. युनिकोडमध्ये वेलांटी, अनुस्वार इत्यादींची गणना अक्षरांत नव्हे, तर जोडचिन्हांत होते. परिणामी केवळ अक्षरे व अंक जुळविणारा नमुना ‘निबंध’ या नावातील ‘न’पाशीच थांबतो. (नमुना रचणाऱ्यासमोर रोमन लिपीच असावी, हे उघड आहे.) शिवाय कंपायलर पुष्कळदा सापेक्ष मार्ग छापतो, तो कोणत्या डिरेक्टरीपासून मोजावा हे टर्मिनलला ठाऊक असतेच असे नाही.

२०१७ साली नोम टर्मिनल व आयटर्म२ यांनी ‘ओएससी ८’ हा नियंत्रणक्रम स्वीकारला. त्याचे विवरण एग्मॉंट कोब्लिंगर यांनी लिहिले. पत्ता अदृश्य क्रमात, नाव दृश्य मजकुरात, आणि शेवटी रिकाम्या पत्त्याचा तोच क्रम, अशी त्याची रचना आहे. त्याच वर्षी ग्नूच्या ‘एलएस’ आज्ञेतही ही सोय आली. दुवा कोणता, हे आता प्रोग्रामच सांगू लागला.

तरीही दोष उरलेच. मध्ये टीमक्स असल्यास त्याची ३.४ पूर्वीची आवृत्ती हा क्रम पुढे पोहोचवीत नाही. ती आवृत्ती २०२४ मध्ये आली. समाप्तीचा क्रम गळाल्यास पुढचा सारा मजकूरच दुवा बनतो. रोमनेतर बाइट टक्केचिन्हाने सांकेतिक करावे लागतात. ‘निबंध’ या पाच चिन्हांच्या नावाचे पत्त्यात ४५ वर्ण होतात.

सर्वांत घातक दोष मात्र यंत्रनामाचा होय. फाइलच्या पत्त्यात यंत्राच्या नावासाठी जागा असते, हे १९९४ च्या आरएफसी १७३८ पासून रूढ आहे. ती जागा रिकामी सोडली की ‘हेच यंत्र’ असा अर्थ होतो. एसएसएचद्वारे दूरच्या यंत्रावर काम चालू असता नाव छापणारा प्रोग्राम तेथे असतो आणि टिचकी येथे पडते. रिकामी जागा म्हणजे भाषेतील ‘येथे’ हा शब्दच. बोलणारा व ऐकणारा एकाच स्थळी असतील तरच त्याचा निर्देश अचूक ठरतो. जवळच्या यंत्रावर तो मार्ग नसेल, तर दुवा केवळ निष्फळ होतो. असेल, तर भलतीच फाइल उघडते व वाचक तिच्यातच दुरुस्त्या करू लागतो. यासाठीच कोब्लिंगर यांच्या विवरणात यंत्रनाम देण्याचा आग्रह आहे. दुव्याचा संशय येताच प्रोग्रामचे उत्पादन ‘कॅट’ आज्ञेच्या ‘व्ही’ पर्यायातून पाहावे. लपलेला क्रम त्यात उघडा पडतो, आणि यंत्रनामाची जागा रिकामी आहे की भरलेली, हे तेथेच कळते.