कुरितिबाचा ‘पंधरा नोव्हेंबर’ रस्ता

ब्राझीलमधील पाराना राज्याची राजधानी कुरितिबा हिच्या मध्यवस्तीत ‘पंधरा नोव्हेंबर’ नावाचा गजबजलेला व्यापारी रस्ता आहे. शुक्रवार, दि. १९ मे १९७२ रोजी सायंकाळी नगरपालिकेच्या कामगारांनी तो वाहनांस बंद केला आणि फरसबंदी, दिवे, बाके व फुलझाडे यांची मांडणी करून ७२ तासांत पादचाऱ्यांच्या स्वाधीन केला.

या घाईचे कारण महापौर जाइमे लेर्नेर यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. गिऱ्हाईक मोटारीतूनच येते अशा समजुतीने दुकानदारांचा विरोध होता. न्यायालयाचा मनाई हुकूम निघण्यापूर्वी काम उरकावे, म्हणून शनिवार-रविवार साधला गेला. नंतर मोटारवाल्यांनी रस्ता परत घेण्याचा बेत केला, तेव्हा नगरपालिकेने तेथे लांबच लांब कागद अंथरून मुलांना चित्रे काढावयास बसविले. मोटारी परतल्या. दुकानदारही लवकरच पादचारी क्षेत्र वाढवून मागू लागले.

नगररचनाकार ही हकीगत कौतुकाने सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९६४ पासून देशात लष्करी राजवट होती आणि लेर्नेर हे १९७१ साली निवडून आलेले नव्हे, तर नेमलेले महापौर होते. ज्या दुकानदारांना विचारले नाही, त्यांच्या मतांवर त्यांचे पद अवलंबून नव्हते. (रस्त्याचे नाव १८८९ च्या प्रजासत्ताकाच्या घोषणेवरून पडले, ती घोषणाही लष्करानेच घडवून आणली होती.) १९८८ मध्ये त्याच लेर्नेर यांना नागरिकांनी मतदानाने महापौर केले. तोवर त्या रस्त्यावर पायी चालण्यास सोळा वर्षे झाली होती.