शस्त्रांच्या दुकानातला मुलगा

नव्वदच्या दशकात टीव्हीला कन्सोल जोडून खेळलेल्या कुणालाही विचारा. मारिओ आठवतो, कॉन्ट्रा आठवतो. 'ड्रॅगन क्वेस्ट' बहुधा कुणालाच आठवत नाही. आपण खेळलो ती यंत्रं म्हणजे जपानी फॅमिकॉमच्या नकला, आणि त्याच फॅमिकॉमवर जपानची पोरं या खेळासाठी वेडी झाली होती. मग तो आपल्याकडे का आला नाही?

कारण साधं आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट' वाचावा लागतो. गावकऱ्यांशी बोलायचं, त्यांनी सांगितलेलं लक्षात ठेवायचं, मग पुढे जायचं, आणि सगळा मजकूर जपानीत. 'शंभर गेम एकात' अशा कॅसेटींमध्ये पळा-उड्या मारा-गोळ्या झाडा एवढंच चालायचं. त्याला भाषा लागत नाही.

हा खेळ २७ मे १९८६ रोजी आला. तो रचणारे युजी होरी 'शोनेन जम्प' या साप्ताहिकात व्हिडिओ गेमवर लिहायचे. अमेरिकेतले 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे संगणकावरचे खेळ त्यांना आवडले होते, पण ते शाळकरी पोरांना झेपणारे नव्हते. होरींनी ते सोपे केले. राक्षसांची चित्रं काढली 'ड्रॅगन बॉल'वाल्या अकिरा तोरियामांनी.

खेळाचा नकाशा कसा चालतो ते नागोठण्यात उभं राहून सांगता येईल. तिथे सोळाव्या शतकातला अरुंद दगडी पूल आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये असा पूल ओलांडला की पलीकडचे राक्षस जास्त तगडे. पाटी नाही, सूचना नाही. एकदा मार खाल्ला की कळतं. खेळ थांबवताना वीस अक्षरांचा एक 'मंत्र' वहीत उतरवून घ्यायचा. एक अक्षर चुकलं की तिथवरची सगळी मेहनत पाण्यात.

१९८९ साली 'जम्प'ने या खेळाच्या दुनियेवर मांगा सुरू केली, 'दाय नो दाइबोकेन', म्हणजे 'दायचं महासाहस'. लेखन रिकु सान्जो, चित्रं कोजी इनादा. ती १९९६ पर्यंत चालली आणि तिचे ३७ खंड निघाले. खेळावरून कथा करणं दिसतं तितकं सोपं नसतं. खेळातला नायक बोलत नाही, कारण तो नायक तुम्हीच असता. राक्षस मारायचे ते गुण मिळवायला. दुकानदार दोन वाक्यं बोलतो आणि तलवार विकतो. यातून सात वर्षं पुरेल अशी गोष्ट कुठून काढायची?

सान्जोंनी खेळाचे नियमच उलटे करून पाहिले. त्यांचा दाय एका बेटावर राक्षसांच्याच मायेत वाढलेला पोर आहे. खेळात ज्यांना मारून आपण मोठे होतो, तेच इथे त्याचे घरचे. आणि त्याचा सोबती पॉप हा शस्त्रांच्या दुकानदाराचा मुलगा. ना राजघराणं, ना दैवी रक्त. पहिला खरा धोका समोर आला तेव्हा तो मित्रांना टाकून पळतो. मग एक लबाड म्हातारा जादूगार त्याला चार शब्द सुनावतो आणि तो थरथरत परत येतो. पुढे तो भित्राच राहतो. फक्त भीती वाटत असतानाही उभं राहायला शिकतो. खेळात धाडस मोजणारा आकडा नव्हता. मांगाने नेमकी तीच जागा भरली.

१९९४च्या अखेरीस 'जम्प'चा खप ६५ लाखांवर गेला होता. घरात कन्सोल नसलेल्या मुलालाही ती दुनिया आठवड्याला थोड्याशा पैशांत आणि स्वतःच्या भाषेत मिळत होती.

आपल्याकडे अद्भुताची कमी कधीच नव्हती. 'मुक्तामाला' १८६१ची, 'मंजुघोषा' १८६८ची. 'चांदोबा' १९५२पासून मराठीत आला आणि विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ घरोघरी पोचला. खेळही आता इथेच बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला. नायिका राजी ही खेळ करून दाखवणारी साधी मुलगी, भावाला शोधायला राक्षसांशी लढते. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे दिसतात. पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्याला ते परके वाटणार नाहीत. पण ही पुण्यात घडलेली राजी जगापुढे आली ती इंग्रजी बोलत.

राजीही पॉपसारखीच, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या घरातली. जपानमध्ये खेळाशेजारी साप्ताहिक उभं होतं, म्हणून दुकानदाराच्या पोराला सात वर्षं बोलायला मिळालं. आपल्याकडे खेळ करणारे आहेत, चित्रं काढणारे आहेत, फोन तर प्रत्येकाच्या हातात आहे. त्या फोनवर राजीची पुढची गोष्ट आठवड्याला एक प्रकरण अशी मराठीत लिहायला कुणी बसलं, तर वाचक शोधायला त्याला फार लांब जावं लागणार नाही. तुम्ही इथवर वाचलंतच की.